स्कूटरचं कूलंट कमी होतंय, जारचं पाणी टाकू का?

पोखर्णी_रोड
नमस्कार मंडळी. मी परभणीची, नोकरी गंगाखेडला, रोजचं जाणं-येणं स्कूटरवर. गाडी १५५ सीसीची लिक्विड कूल्ड आहे, म्हणजे इंजिन आत फिरणाऱ्या कूलंटनं गार होतं, सेकंडहँड घेतली, मॅन्युअल काही मिळालं नाही. आता ऊन तापायला लागलंय म्हणून परवा कूलंटची बाटली बघितली तर लेवल खालच्या रेषेच्याही खाली. दिवाळीनंतर बघितली तेव्हा दोन रेषांच्या बरोबर मधात होती, हे नक्की आठवतंय कारण तेव्हा बॅटरी मारून नीट बघितलं होतं.
आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणाले, ताई एवढं काही नसतं, जारचं पाणी टाका, उन्हाळा निघून जाईल. भाऊ म्हणतो पाणी अजिबात टाकायचं नाही. दुकानात गेले तर तिथं हिरवं पण आहे, गुलाबी पण आहे, अन दुकानदार म्हणतो कोणतंही न्या.
तर नेमकं काय टाकू, किती टाकू, अन लेवल बघायची खरी पद्धत काय ते सांगा. मे महिन्यात दुपारी तीनला त्या रस्त्यावर गाडी बंद पडायला नको, मधात सावली पण धड नाही.

पाथरीचा_ट्रॅक्टर
टाका की पाणी. आमच्या घरी ट्रॅक्टर अन जुनी जीप होती, आयुष्यभर हिरीचं पाणी टाकलं, काही झालं नाही. हे कूलंट बिलंट आता आलं. कंपन्यायला बाटल्या विकायच्या असतात.

हिंगोलीकर
वाचतोय. मला पण हाच प्रश्न आहे, फक्त माझी ॲक्टिव्हा आहे. त्यात कूलंट कुठून टाकतात? सीटखाली काही सापडलं नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र "कूलंट टॉपअप" लिहून पैसे घेतलेत.

नांदेड_गॅरेज
हिंगोलीकर दादा, आधी तुमचं. ॲक्टिव्हात कूलंट नसतंच. सापडणार कुठून. तिच्या इंजिनला पंखा असतो, इंजिन फिरलं की पंखा फिरतो अन प्लास्टिकच्या आवरणातून हवा सिलेंडरच्या पात्यांवर मारतो. ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस, एनटॉर्क १२५ सगळ्या हवेच्याच. आपल्याकडं कूलंटवाल्या स्कूटरी मोजक्या, यामाहाची एरॉक्स १५५, हिरोची झूम १६० अशा. ते बिल घेऊन परत जा अन विचारा, कूलंट टाकलं ती जागा दाखवा म्हणून. भांडू नका, फक्त जागा दाखवा म्हणा.

आता पोखर्णी ताई. मी दुचाकीचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाणी का कूलंट हा प्रश्न नंतरचा आहे. पहिला प्रश्न हा की ते गेलं कुठं. पेट्रोल जळतं, कूलंट जळत नाही, ते आत फिरून फिरून परत तिथंच येतं. वर्षभरात वाफेनं बोटभर कमी झालं तर समजू शकतो, पण थंडीच्या चार महिन्यात मधल्या लेवलवरून रेषेच्या खाली म्हणजे कुठंतरी गळायलंय. नुसतं वरून भरत राहिलात तर ऐन मे महिन्यात ते तोंड दाखवील.

लेवल बघायची पद्धत: सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर, डबल स्टँडवर. साइड स्टँडवर गाडी कलते अन लेवल खोटी दिसते. गरम गाडीत तर बघूच नका, कारण गरम झालं की कूलंट फुगतं अन रेडिएटरच्या झाकणातून बाटलीत येतं, गार झालं की तीच बाटली परत रेडिएटरमध्ये ओढली जाते. म्हणजे गरम गाडीत भरलेली दिसणारी बाटली सकाळी खाली निघू शकते.

अजून एक. बाटली अन रेडिएटर हे दोन वेगळे. बाटली एकदम रिकामी झाली असेल तर रेडिएटरनं कूलंटऐवजी हवा ओढलेली असते. मग नुसती बाटली भरून उपयोग नाही, गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून गळ्यापर्यंत भरलंय का ते बघावं लागतं. गार असताना. गरम गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर, हातावर येतं. माझ्याकडं असे भाजलेले हात घेऊन पोरं आलेली आहेत म्हणून परत परत सांगतो.

पाथरीचा_ट्रॅक्टर
मिस्त्री, तुमचं सगळं खरं असेल, पण आमची जीप वीस वर्षं चालली राव. तिला कोणी कूलंट नाही पाजलं.

नांदेड_गॅरेज
काका, खरं सांगा, त्या जीपचं रेडिएटर कधी खोललं होतं का?

पाथरीचा_ट्रॅक्टर
खोलायचो की. दर दोन-तीन वर्षाला परभणीला रेडिएटरवाल्याकडं न्यायचो. तो वरची टाकी तोडून आतून सळई मारून द्यायचा, परत झाळून द्यायचा. पांढरा-लाल गाळ निघायचा ढीगभर.

नांदेड_गॅरेज
मग झालं तर. हिरीच्या पाण्यानं गाळ धरतच होता, तुम्ही तो काढून घेत होता. ते तांबा-पितळेचं रेडिएटर, नळ्या रुंद, सळई जायची. स्कूटरचं रेडिएटर तळहाताएवढं, ॲल्युमिनियमचं, आतल्या नळ्या इतक्या चपट्या की सळई सोडा, काडी जात नाही. त्यात एकदा क्षार बसला की नवीनच टाकावं लागतं. आताच्या ट्रॅक्टरात पण कंपनी कूलंटच भरून देते, बोनेट उघडून बघा.

पाथरीचा_ट्रॅक्टर
हे पटलं. नव्या ट्रॅक्टरात हिरवं दिसतं खरं, मी म्हणलं रंग टाकलाय.

लातूरचे_मास्तर
रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. पाण्याचा मुद्दा जरा खोलात बघू.

आपला मराठवाडा बसलाय काळ्या पाषाणावर. बोअर जितकं खोल तितकं पाणी जड. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळलेले असतात, पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते गरम पृष्ठभागावरच चिकटतात. तुमच्या घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा, किंवा बोअरच्या पाण्याच्या बादलीचा पांढरा काठ बघा. स्कूटरच्या इंजिनात सगळ्यात गरम जागा सिलेंडर हेडच्या भोवतीची, म्हणजे जिथून उष्णता सगळ्यात जास्त काढायचीय नेमका तिथंच थर बसतो. तो थर उष्णता अडवतो.

जारचं पाणी आरओचं असलं तरी त्यातले क्षार शून्य नसतात, आणि क्लोराइड थोडं जरी असलं तरी ॲल्युमिनियमला बाधतं. मुख्य म्हणजे नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं. इंजिनात ॲल्युमिनियम, लोखंडी बोल्ट, पंपाचा दांडा असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले, म्हणजे छोटा विद्युत घटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ संरक्षक थर धरून हे थांबवतात.

उकळबिंदूचं लोक फार सांगतात म्हणून तेही सांगतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर १०६-१०७ पर्यंत जातं. पण गाडीत खरी वाढ होते ती दाबामुळे, रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं आणि मग हेच मिश्रण १२५ च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला, म्हणून कूलंट नवीन आणि झाकण जुनं फाटलेलं असा कारभार करू नका.

आणि गोठण्याचं म्हणाल तर निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास. परभणीत डिसेंबर-जानेवारीत कधीकधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतं, म्हणून ते काम आपल्याकडे बिनकामाचंच. आपल्याला कूलंट लागतं ते मुख्यतः गंज आणि क्षारासाठी. हे लक्षात आलं की जारच्या पाण्याचं उत्तर आपोआप मिळतं.

बिंदुसरा_काठ
मास्तर सर, मग ग्लायकॉल जितकं जास्त तितकं चांगलं का? आमच्या बीडला एक जण नुसतं कॉन्सन्ट्रेट भरतो, म्हणतो पाणीच नको.

लातूरचे_मास्तर
उलटं होतं. उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त चांगलं, आणि निव्वळ ग्लायकॉल घट्ट, नीट फिरत नाही. त्याला सांगा निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाल, पैसेही वाचतील आणि इंजिनही गार राहील.

जालना_लोखंड
एसीचं पाणी चालतं का? आमच्या ऑफिसच्या एसीतून दिवसाला बादलीभर निघतं. फुकटचं डिस्टिल्डच ना ते.

लातूरचे_मास्तर
क्षार कमी असतात हे बरोबर. पण ते पाणी कॉइलवरून येतं, धूळ, धातूचे कण आणि शेवाळ घेऊन येतं. झाडांना घाला. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचं कॅन मिळतं, स्कूटरला त्यातलं अर्धा लिटर पण लागत नाही. एवढ्यासाठी एसीचं पाणी कशाला.

बिंदुसरा_काठ
बॅटरी वॉटर म्हणून मागा, डिस्टिल्ड म्हणलं की आमच्याकडं दुकानदार बिसलरी काढून देतो. अन ॲसिड नको, पाणी पाहिजे हे पण सांगा.

सेलू_स्टेशन
रंगाचं कोणी बोललंच नाही. माझं ठाम मत आहे, हिरवं ते जुनं, गुलाबी ते भारी. गुलाबी टाका डोळे मिटून.

नांदेड_गॅरेज
सेलूकर, डोळे मिटून काही टाकू नका. रंग म्हणजे नुसता रंग, एकच माल एक कंपनी हिरवा करते दुसरी निळा. रंगावरून आत काय आहे ते कळत नाही. डबड्यावर बघा: ॲल्युमिनियम इंजिनसाठी लिहिलंय का, सिलिकेट नसलेलं आहे का, जेआयएस के २२३४ किंवा आयएस ५७५९ असं मानक लिहिलंय का. जपानी दुचाकीला बिनसिलिकेटचं बरं, सिलिकेटनं पंपाचं सील घासतं असं मानतात. अन "प्रीमिक्स" का "कॉन्सन्ट्रेट" ते नक्की वाचा. प्रीमिक्समध्ये पाणी मिसळलेलंच असतं, त्यात परत निम्मं पाणी घातलं तर पाव भागच कूलंट राहिलं.

दोन जातींची कूलंटं एकत्र करायची नाहीत. काही काही एकमेकात मिसळली की जेलीसारखा गोळा होतो अन नळ्या बुजतात. ताईंनी गाडी सेकंडहँड घेतलीय, आत आधीच्यानं काय भरलंय माहीत नाही, म्हणून माझा सल्ला सरळ: टॉपअप करू नका. सगळं काढा, डिस्टिल्ड पाण्यानं आतून धुवा, एकाच जातीचं प्रीमिक्स भरा.

सेलू_स्टेशन
बरं बाबा. गुलाबी मागे घेतो. पण माझ्या गाडीत गुलाबीच आहे अन छान चाललीय हे नोंदवून ठेवतो.

कन्नडचा_घाट
मे महिन्यात चाळीसगावहून घाट चढताना डबल सीट, सोबत आंब्याची पेटी, असे लोक मी नेहमी बघतो. घाटात मधेच तापमानाचा दिवा लागतो अन लोक काय करतात तर बाटलीतलं गार पाणी सरळ इंजिनवर ओततात. असं करू नका रे. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बाजूला घ्या, झाडाखाली उभी करा, वाट बघा.

जालना_लोखंड
इंजिन चालू ठेवायचं का बंद? माझा मामा म्हणतो चालू ठेव, पंखा फिरत राहतो.

नांदेड_गॅरेज
दिवा लागला की बंद. मामांचं कारण कळतं मला, काही स्कूटरींत रेडिएटर इंजिनच्या उजव्या अंगाला असतो अन पंखा थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, बसवलेला असतो, इंजिन बंद तर पंखा बंद. पण कूलंटच कमी असेल तर पंखा गार कशाला करणार, आत वाफ फिरतेय. बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा, झाकणाला हात लावू नका. मग हात लावून बघा, गार वाटलं तर लेवल बघा. अगदीच अडलात अन जवळ कूलंट नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी टाकून हळूहळू गावापर्यंत या, ते चालतं. फक्त नंतर आठवणीनं सगळं काढून नवीन भरा. जारच्या पाण्याची जागा तेवढीच, अडीअडचणीची.

कन्नडचा_घाट
अन तो उजव्या अंगाचा रेडिएटर चिखल फार धरतो हो. आमच्याकडं पावसाळ्यात शेताच्या वाटेनं आलं की काळी माती जाळीत भरते, वाळली की टणक. हवा जाणार कुठून.

गोदाकाठचा_शेतकरी
बरोबर. काळ्या मातीचं तर आहेच, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसात भुसा पण अडकतो, अन कापसाचे तंतू. मी दर दसऱ्याला गाडी धुताना मऊ ब्रशनं जाळी साफ करतो. सर्व्हिसिंग सेंटरवाला प्रेशरचा पाइप जवळून मारत होता, त्याला थांबवलं. ती पाती कागदाएवढी पातळ, वाकली की हवा बंद. एक तांब्या पाणी अन जुना दात घासायचा ब्रश, बास. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आपल्या भागात गाडी धुवायला पाइप सोडून द्यायची चैन नको.

पोखर्णी_रोड
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजून सांगितलं नव्हतं. गॅरेजवाले दादा, गळतंय हे घरी कसं ओळखू? खाली फरशीवर थेंब दिसत नाही.

नांदेड_गॅरेज
थेंब दिसेलच असं नाही ताई, गरम इंजिनवर पडलं की पाणी उडून जातं अन मागं रंगाचा वाळलेला डाग राहतो. बॅटरी घेऊन या क्रमानं बघा. रबरी पाइप जिथं क्लिपनं आवळलेत तिथं पांढरट, हिरवट, गुलाबी पापुद्रा आहे का. पाइप बोटानं दाबून बघा, कडक किंवा भेगाळलेला असेल तर बदला. मग वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, तिथून ओल दिसली तर आतलं सील गेलंय. ते भोक कुणी एमसीलनं बुजवायला निघालं तर बुजवू देऊ नका, नाहीतर तेच पाणी आत इंजिनच्या तेलात जायचं. मग रेडिएटरच्या पात्यांवर खडा लागल्याची खूण. मग झाकणाचं रबर.

बाहेर कुठंच काही नसेल तर आतली भीती. ऑइलची कांडी काढून बघा, तेल दुधाळ तपकिरी दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी तापल्यावर पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहिला, गोडसर वास आला, बाटलीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलेंडर अन हेडच्या मधलं सील, गेलं समजा. असं असेल तर चालवू नका, टेम्पोत घालून न्या.

वाळूजचा_निवृत्त
मी वाळूजला बजाजच्या प्लांटमध्ये नोकरी केली, प्लांट सुरू झाला १९८५ साली, तेव्हापासूनचा माणूस. कूलंटचं ज्ञान तुम्ही मंडळींनी उत्तम दिलं. हवेवर गार होणाऱ्या स्कूटरबद्दल थोडं बोलतो, कारण वाचणाऱ्यांत जास्त तेच असतील.

जुनी चेतक, जी १९७२ ला आली, तिच्या फ्लायव्हीललाच पंख्याची पाती होती आणि वर पत्र्याचं झाकण. आजच्या ॲक्टिव्हातही तत्त्व तेच. उन्हाळ्यात काही जण ते झाकण काढून टाकायचे, म्हणायचे हवा जास्त लागेल. तसं होत नाही. ते झाकण हवेला वाट दाखवतं, पंख्याची हवा पात्यांमधून जबरदस्तीनं नेतं. झाकण काढलं की हवा बाहेरच पसरते आणि सिलेंडर जास्त तापतो. आजही प्लास्टिकचं ते आवरण फुटलं किंवा त्याचा एखादा स्क्रू नसला तर लगेच बसवून घ्या.

दुसरं, ऑइल. हवेच्या गाडीत उष्णता नेण्यात तेलाचा मोठा वाटा. ॲक्टिव्हात बदलताना पाऊण लिटरसुद्धा तेल बसत नाही, त्यातलं शंभर-दीडशे मिली कमी झालं तर केवढा फरक पडतो बघा. हिंगोलीकर, तुम्ही कूलंट शोधण्यापेक्षा कांडी पुसून तेल बघा. दर पंधरा दिवसांनी.

हिंगोलीकर
काका धन्यवाद. आताच बघून आलो, तेल बरोबर आहे पण काळं झालंय, उद्याच बदलतो. बिलाचं पण विचारलं, त्यांनी ती जागा काही दाखवली नाही, पैसे परत दिले.

बिंदुसरा_काठ
हिंगोलीकर जिंकले. नांदेडकरांना एक चहा लागू.

उमरीचा_पोरगा
इलेक्ट्रिक घ्या, कूलंटची कटकटच नाही.

नांदेड_गॅरेज
बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरीत नाही हे खरं, बॅटरी हवेवरच गार होते. पण मग भर उन्हात लावून ठेवू नका, अन उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत ठेवा. उन्हाळा कोणालाच सोडत नाही.

गुरांचा_डॉक्टर
एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मी उदगीरला शिकलो, आता किनवटकडे जनावरांचा डॉक्टर आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं. कुत्रं, मांजर ते आवडीनं चाटतं, आणि थोड्याशानंही जीव जातो. शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं, त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. सुरुवातीला जनावर नुसतं झिंगल्यासारखं करतं, मग जरा बरं वाटल्यासारखं होतं, म्हणून लोक थांबतात. थांबू नका, चाटताना दिसलं तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या, पहिले काही तासच हातात असतात.

अंगणात कूलंट बदलत असाल तर खाली पसरट भांडं ठेवा. सांडलं तर माती टाकून, भरपूर पाण्यानं धुवून काढा. कोंबड्या, वासरं, कुत्री सगळी अंगणातच असतात आपल्याकडं. आणि उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नका. रंगीत, गोड, घरात लहान लेकरं असतात. मूळ डबड्यातच, उंच, कुलपात.

लातूरचे_मास्तर
डॉक्टर, हे सगळ्यात वर असायला हवं होतं. माणसालाही तेवढंच विषारी आहे. घरात कुणाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डबडं सोबत घेऊन सरळ मोठा दवाखाना गाठा, डबड्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना कळतं.

पोखर्णी_रोड
आले परत, थोडा उशीर झाला. दादांनी सांगितल्या क्रमानं रविवारी सकाळी भावानं अन मी बघितलं. रेडिएटरला जाणाऱ्या खालच्या पाइपच्या क्लिपपाशी गुलाबी-पांढरा पापुद्रा होता, बोट लावलं की भुगा. पाइपला पण टोकाला भेग. ऑइल स्वच्छ निघालं, धूर वगैरे काही नाही, त्यामुळे जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये पाइप अन दोन्ही क्लिपा बदलल्या. जुनं कूलंट काढलं ते गढूळ तांबूस होतं, डिस्टिल्डनं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, मग प्रीमिक्स भरलं. भरल्यावर त्यांनी झाकण उघडं ठेवूनच थोडा वेळ गाडी चालू ठेवली, बुडबुडे आले, लेवल खाली गेली, परत भरलं, मगच झाकण लावलं. हे बरोबर होतं का? मला जरा भीतीच वाटली झाकण उघडं बघून.

नांदेड_गॅरेज
एकदम बरोबर. आत अडकलेली हवा अशीच काढतात, गाडी गार असताना सुरुवात करून. इंजिन पूर्ण तापायच्या आत झाकण लागलं पाहिजे, ते त्यांनी केलं. चांगला मिस्त्री आहे, धरून ठेवा. आता सात-आठ दिवस रोज सकाळी लेवल बघा, पहिल्या एक-दोन दिवसात किंचित उतरली तर उरलेली हवा निघाली समजा, त्यानंतर हलायला नको.

पोखर्णी_रोड
बघतेय रोज. पहिल्या दिवशी जराशी उतरली, तेवढं प्रीमिक्स टाकलं, तेव्हापासून जिथल्या तिथं आहे. काल गंगाखेडहून दुपारी आले, दिवा लागला नाही. गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना पण सांगितलं पाइपचं, ते म्हणाले दाखवायला आणा, मला पण बघू द्या. पुढचं कधी बदलायचं?

नांदेड_गॅरेज
साधारण तीन वर्षांनी, पण तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर बहुतेक फुकट मिळतं, त्यात लिहिलेलं धरा. मधल्या काळात रंग गढूळ झाला, गाळ दिसला तर आधीच बदला. सीटखाली आतल्या बाजूला मार्करनं महिना-वर्ष अन कोणतं भरलं त्याचं नाव लिहून ठेवा. उद्या गाडी विकली तरी पुढच्याला कळेल.

जिंतूर_नाका
मी आताच धागा वाचला, माझी पण तशीच गाडी आहे. लिटरचं डबडं घेतलं तर निम्मं उरतं, ते किती दिवस चालतं?

नांदेड_गॅरेज
झाकण घट्ट लावून सावलीत ठेवलं तर डबड्यावरच्या तारखेपर्यंत. त्यातूनच टॉपअप करा म्हणजे जात बदलत नाही. अन वर गुरांच्या डॉक्टरांनी लिहिलंय ते वाचून मगच जागा ठरवा.

गुरांचा_डॉक्टर
अन काढलेलं जुनं कूलंट नालीत नको, ओढ्यात तर नकोच. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते जुन्या ऑइलसोबत वेगळं ठेवून भंगारवाल्याकडं देतात का ते आधी विचारा. नांदेडकर, तुमच्याकडं घेता का?

नांदेड_गॅरेज
घेतो. ऑइलच्या ड्रममध्ये मात्र ओतू देत नाही, त्याचं कॅन वेगळं ठेवलंय. वजिराबादच्या बाजूनं येणार असाल तर दुपारी चारच्या नंतर या.